म्हणेशास्त्री

मराठीत ‘म्हणे’ हा एक अत्यंत सोयीचा शब्द आहे. व्युत्पत्तीने तो ‘म्हणणे’ या धातूचे रूप असला तरी प्रत्यक्ष वापरात त्याचे अव्यय झाले असून, ऐकीव गोष्ट सांगताना तिची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर पडू नये एवढ्यासाठी तो वाक्याच्या शेपटीला बांधतात. ‘उद्या पाणी येणार नाही म्हणे’ या वाक्यात पाणी न येण्याचे दायित्व बोलणाऱ्याकडे राहत नाही आणि नगरपालिकेकडेही जात नाही. ते अधांतरी लटकते. या अधांतरी लटकलेल्या ज्ञानावर ज्याचा सामाजिक उदरनिर्वाह चालतो, त्या मनुष्यप्रकाराला येथे ‘म्हणेशास्त्री’ असे नाव दिले आहे.

हा प्रकार लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या चौथ्या सीटवर, सोसायटीच्या बाकावर आणि मयतीला आलेल्या माणसांत, तिरडी बांधून होईपर्यंतच्या वेळात, हमखास आढळतो. पूर्वी रविवारच्या पुरवणीतील ‘हे आपणांस ठाऊक आहे काय?’ छापाच्या चौकटींवर त्याचे भागत असे. आता मोबाइलमुळे त्याला बारमाही चारा उपलब्ध झाला आहे. त्याची लकब न्याहाळण्याजोगी असते. पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवून तो तोंडाशी नेतो, मध्येच हात थांबवतो, शेजाऱ्याच्या पानाकडे पाहत “तुम्हाला कल्पना नसेल, पण...” एवढेच उच्चारतो आणि समोरच्याचा घास अडेपर्यंत गप्प राहतो. शेजाऱ्याने “काय सांगता!” म्हटल्यावाचून ती पुरी पुढे सरकत नाही. त्याचा खरा आहार श्रीखंड नसून हे दोन शब्द आहेत, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्याच्या पुष्कळशा वर्तनाचा उलगडा होतो.

त्याच्या हाती पडलेली माहिती तीन अवस्थांतून जाते. पहिल्या कथनात ती ‘म्हणे’सह येते, दुसऱ्यात ‘म्हणे’ गळतो आणि तिसऱ्यात ‘सिद्ध झालंय’ हे पद येऊन चिकटते. मधल्या काळात कोणीही काहीही सिद्ध केलेले नसते. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे या शास्त्राचे आद्य सूत्र होय. हा दावा रिप्ले यांच्या ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ या अमेरिकी चित्रसदरात १९३२ मध्ये, म्हणजे चंद्रावर पाऊल पडण्याच्या ३७ वर्षे आधीच, छापून आला होता. खात्री करण्यासाठी कोणाला वर पाठवण्याची गरज तेव्हाही भासली नाही. वस्तुतः भिंत लांब असली तरी तिची रुंदी जेमतेम काही मीटर आहे आणि चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे, त्यामुळे तेथून ती पाहणे म्हणजे माणसाच्या डोक्यावरचा एक केस तीन किलोमीटरवरून ओळखण्यासारखे आहे. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मध्ये चंद्रापेक्षा कितीतरी जवळून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि परतल्यावर भिंत दिसली नाही असे प्रांजळपणे सांगितले. म्हणेशास्त्र्याला हे ऐकवले असता “ढगाळ असेल त्या दिवशी” एवढाच त्याचा अभिप्राय पडतो.

वास्तूंविषयी त्याला विशेष ममत्व असते, कारण वास्तू उलटून बोलत नाही. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस आणि मेलबर्नचे फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानक यांचे नकाशे टपालात अदलाबदल झाले, ही त्याची आवडती कथा आहे. मुंबईचे स्थानक फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाले आणि मेलबर्नच्या स्थानकासाठी आराखड्यांची स्पर्धा १८९९ मध्ये जाहीर झाली. तेव्हा ही कथा खरी मानायची तर टपालखात्याने अद्याप न काढलेले नकाशे एकवीस वर्षे आधीच चुकीच्या पत्त्यावर पोहोचवले असे मानावे लागते. टपालखात्याच्या वेगाविषयी इतका उदार विचार एरवी कोणी केलेला नाही.

कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलाची कथा याहून करुण आहे. इमारत उलटी बांधली गेली, पुढची बाजू मागे गेली, विलायतेहून परतलेल्या गोऱ्या वास्तुकाराने ते पाहिले आणि वरून उडी टाकली, असे म्हणेशास्त्री डोळे मिटून सांगतो. हॉटेलाचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला, काम पुरे होण्याआधी वैद्य वारले, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले आणि १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडले. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराकडून यायच्या, म्हणून दार शहराकडे होते. ज्या ‘गेटवे ऑफ इंडिया’कडे पाठ फिरवल्याचा ठपका इमारतीवर येतो, तो १९२४ पर्यंत पुरा झालेलाच नव्हता. खेदाची बाब अशी की, न घडलेल्या उडीच्या धामधुमीत ज्या मराठी माणसाने नकाशावर घाम गाळला त्याचे नाव मात्र या कथेत कोठेच येत नाही.

प्राण्यांच्या प्रांतात म्हणेशास्त्र्याला परंपरेचे पाठबळ आहे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते आणि मांडूळ सहा महिने एका तोंडाने तर सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालते, हे त्याने आजोळी ऐकलेले असते. सापाच्या तोंडाची घडण आचळ चोखण्याजोगी नाही आणि मांडुळाचे ‘दुसरे तोंड’ म्हणजे त्याची बोथट शेपटी आहे, हे सर्पमित्र घसा कोरडा करून सांगतात. पण परंपरेला दोष देतानाही विवेक हवा. चकोर चांदणे पितो, हंस नीरक्षीर वेगळे करतो, या संकेतांना संस्कृत साहित्यशास्त्रात ‘कविसमय’ म्हणतात. समय म्हणजे येथे वेळ नव्हे, तर सर्वांनी मिळून पाळायचा ठराव. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात त्याची मांडणी करताना नसलेल्याचे वर्णन करणे याच्या जोडीला असलेल्याचे वर्णन न करणे हाही प्रकार नोंदवला आहे. चंदनाला फुले-फळे येतात, परंतु कवीने ती सांगायची नाहीत. भेद इतकाच की कवीला आपण ठरावाप्रमाणे बोलत आहोत याची जाणीव होती. म्हणेशास्त्री राजशेखराचे दोन्ही नियम काटेकोर पाळतो, फक्त ते नियम आहेत याचा त्याला पत्ता नसतो.

साक्षीपुरावा देण्याची वेळ आल्यास तो नासा किंवा युनेस्को यांना पाचारण करतो. ‘जन गण मन’ हे युनेस्कोने जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, ही कंडी याच सरणीतली. अशी कोणतीही निवड युनेस्कोने केलेली नाही.

यावरून तो खोटारडा ठरत नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. लोणकढी थाप मारणाऱ्याला सत्य ठाऊक असते. म्हणेशास्त्र्याला खरेखोटे यांत डावेउजवे करण्याचे कारणच पडत नाही. उन्हाने लोखंड प्रसरण पावून आयफेल मनोरा काही सेंटिमीटर उंच होतो आणि ऑक्टोपसला तीन हृदये असतात, या अगदी खऱ्या गोष्टीही तो त्याच सुरात, त्याच पुरीसह सांगतो. खऱ्या गोष्टीची अडचण एवढीच की तिच्या मागोमाग ‘का?’ येतो आणि ‘का?’ची पुरवणी त्याने वाचलेली नसते.

अशाच एका साखरपुड्याच्या पंगतीत, जिलबीचा दुसरा आग्रह चालू असताना, त्याने ऑस्ट्रेलियातील वॉम्बॅट या बिळात राहणाऱ्या केसाळ प्राण्याची लेंडी चौकोनी ठोकळ्यांसारखी असते, असे जाहीर केले. ही माहिती निखालस खरी आहे. त्या प्राण्याच्या आतड्याची भिंत सर्वत्र सारखी ताणली जात नाही, काही पट्टे ताठ व काही सैल असतात, आणि त्यामुळे पडणाऱ्या कोनांचा उलगडा करणाऱ्या संशोधकांना २०१९ मध्ये भौतिकशास्त्राचे ‘इग नोबेल’, म्हणजे आधी हसवून मग विचारात पाडणाऱ्या संशोधनासाठीचे गमतीदार पारितोषिक, मिळाले आहे. परंतु पंगतीत “काय सांगता!” उमटले नाही. वाढपी जिलबीचे ताट घेऊन जागीच थबकला, नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी पान पुढे सरकवले आणि पलीकडचा भाचा म्हणाला, “काका, जेवताना तरी! आणि चौकोनी? काहीही काय!”

म्हणेशास्त्र्याने हातातल्या पुरीकडे पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि कित्येक वर्षांत प्रथमच, खालच्या आवाजात, वाक्याच्या शेवटी जोडले, “असते म्हणे.”