पेन देता का जरा?

चौतीस वर्षं मी नागपुरात कारकुनी केली. त्या काळात किती पेनं गमावली, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही. "पेन देता का जरा?" म्हणत माणूस यायचा, उभ्याउभ्या सही करायचा आणि पेन स्वतःच्या खिशाला लावून जिना उतरायचा. चोरी म्हणावी तर माणूस सज्जन, वर दुसऱ्या दिवशी चहा पाजणारा. शेवटी टोपण आपल्याजवळ ठेवून नुसतं पेन द्यायची युक्ती मला सुचली. निवृत्त झालो तेव्हा खणात बावीस टोपणं निघाली.

आता मी घरीच पेनं करतो. लाकडाची. पोर्चमध्ये लहानसं खराद मशीन मांडलं, त्या दिवशी समोरचे काकाजी फाटकाशी येऊन उभे राहिले.

"काय करून राहिले जी?"

"पेन."

"पेन? दहा रुपयात भेटते नं!"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या पेनाची सुरुवात लकडगंजात होते. तिथे साग घनफुटांनी विकला जातो. दुकानदारानं "किती पाहिजे?" विचारलं, तेव्हा मी "पाच इंच" म्हणालो. त्यानं आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि कोपऱ्यातले तुकडे फुकट उचलून न्यायला सांगितले. विदर्भाच्या सागाचा मान मोठा. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तो बल्लारशाहून वाजतगाजत गेला. त्याच कुळातला एक नातेवाईक माझ्या पिशवीतून सिटी बसनं घरी आला.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात निरनिराळ्या देशींचे बोरू जमवायला सांगितलं आहे. माझी धाव तालुक्यांपुरतीच. काटोलकडच्या वठलेल्या बागेतलं संत्र्याचं लाकूड, शेताच्या बांधावरची बाभूळ, आजोबांच्या खाटेचा मोडका खूर. संत्र्याचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट आणि बारीक पोताचं असतं. पेन हातात घेतलं की प्रत्येक जण ते आधी नाकाला लावतो. वास येत नाही. तरी पुढचाही लावतोच.

बिजाच्या लाकडाचं पेन एका मधुमेही मित्राला दिलं. बिजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी निळसर होतं आणि ते मधुमेहावर पितात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पेनच पाण्यात टाकलं. सकाळी पाणी निळं झालं होतं. "गुण दिसतोय," तो फोनवर म्हणाला. ती रिफिलची शाई होती.

कृती सांगायला सोपी आहे. चौकोनी तुकड्याला मधोमध सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, तुकडा सळईवर चढवून मशीन सुरू करायचं आणि पटाशी हलकेच टेकवायची. माझं पहिलं भोक वरून मधोमध शिरलं आणि कुशीतून बाहेर आलं. दुसऱ्या तुकड्याचा टवका उडून तुळशीवृंदावनात पडला. तिसऱ्याचं पेन झालं, पण मेमध्ये पारा पंचेचाळिसावर गेला आणि त्याला उभी भेग पडली. ओल्या लाकडाला घाई चालत नाही. जाडीच्या इंचाला वर्षभर सुकवा, असा सुतारांचा जुना हिशोब आहे. फाइल दाबून ठेवायची चौतीस वर्षांची सवय इथे कामी आली.

बाकी काम पॉलिश पेपरचं. दीडशे नंबरापासून सहाशेपर्यंत चढत जायचं. उन्हाळ्यात कूलर सुरू असतो आणि पोर्चमधला भुसा तो घरभर समान वाटतो. एकदा वरणात साग निघाला. तेव्हा सौ. म्हणाली, "कातारी लोक याच कामात लाटणी करतात, पाळण्याचे खांब करतात. तुम्ही एक लाटणं तरी करा. निदान रोज हाती लागेल."

तो टोला मला लागला, कारण तो खरा होता. मी आजवर ज्यांना ज्यांना पेन भेट दिलं, त्या सगळ्यांनी ते शोकेसमध्ये ठेवलं आहे. काचेआड, ताजमहालाच्या शेजारी. लिहायला म्हणून ते दहा रुपयांचंच पेन काढतात. "तुमचं खराब होईल नं," म्हणतात. कचेरीत माझं एक पेन टिकत नव्हतं आणि आता एकालाही कुणी हात लावत नाही.

गेल्या महिन्यात बँकेत रांगेत उभा होतो. मागून आवाज आला, "काका, पेन देता का जरा?" खिशात संत्र्याचं होतं. ते पिळून उघडायचं, म्हणजे जवळ ठेवायला टोपणही नाही. दिलं. मुलानं स्लिप भरली, खाली रेघ ओढली, फोन आला तसा बोलत बोलत पेन खिशाला लावलं आणि दाराबाहेर गेला. मला हाक मारता आली असती. पण हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. माझं पेन अखेर नोकरीला लागलं होतं.

तेव्हा हातानं केलेलं पेन कुणी दिलं, तर ते काचेआड ठेवू नका. वाणसामानाची यादी लिहा, दुधाचा हिशोब लिहा. रिफिल संपली तर नागपुरात सीताबर्डीवर मिळते.