लॅमिनेशनमधली मुंगी

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, तुमची नात व्यायामाच्या तासात नापास होता होता राहिली आणि तिच्या आईचं, म्हणजे माझं, शिक्षण दहावीपर्यंतच झालं आहे असा निवाडा इथल्या एका बाईने दिला. फोनवर सांगितलं असतं, पण आई स्पीकर लावते आणि मग निम्म्या वाडीला कळतं. पहिली गोष्ट तिला सांगू नका. दुसरी खुशाल सांगा. बी.कॉम. होऊन भाकरी करपवते म्हणून गेली वीस वर्षं ऐकवते आहे, तिला बरं वाटेल.

आधी माझं. जवळच्या एका शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं. पोरांनी एकमेकांच्या डोक्यावर दूध ओतू नये, एवढंच काम. अट एकच, हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष. मी मुंबई विद्यापीठाच्या पदवीची प्रत पुढे केली. टेबलामागची बाई म्हणाली, ती राहू दे, हायस्कूलचं दाखवा. दहावीचं प्रमाणपत्र दिलं.

"पुढची दोन वर्षं कुठे होतात?"

"ज्युनिअर कॉलेजात."

तिच्या भुवया वर गेल्या. इथे ज्युनिअर कॉलेज म्हणजे हायस्कूल संपल्यावर जायचं दोन वर्षांचं कॉलेज. तिच्या हिशेबाने मी हायस्कूल अर्ध्यात टाकून कॉलेजात घुसले होते. आपली अकरावी-बारावी म्हणजेच यांचं अर्धं हायस्कूल, हे सांगता सांगता माझा घसा कोरडा पडला. तुम्ही चौथीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना कसे बसत असाल, ते तेव्हा कळलं.

मग नावाचा घोळ. आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग माझं, मग तुमचं. इथे शेवटी असेल ते आडनाव. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरात माझं आडनाव म्हणून तुमचं नाव चढलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर परत माहेरची झाले! यांना सांगितलं, तर म्हणाले, मग डॉलर पण माहेरूनच मागव.

मार्कांचं तर विचारूच नका. माझ्या 64 टक्क्यांना तुम्ही बाजारातून पेढे आणले होते, आठवतं? इथे 64 म्हणजे काठावरून पडता पडता वाचलेलं पोर. त्यात गुणपत्रिकेवर पास व्हायला 35 लागतात असं छापलेलं. "शंभरपैकी?" तिने हळूच विचारलं. आता तुमचं कोकण बोर्ड 2024 मध्ये दहावीला 99.01 टक्के निकाल लावून राज्यात पहिलं आलं, पण आमच्या वेळी आपण कोल्हापूर बोर्डात होतो. बोर्डाचा तेवढा आधारही मला घेता आला नाही.

आणि बाबा, ती मुंगी. प्रमाणपत्र खराब होऊ नये म्हणून तुम्ही लॅमिनेट करून आणलंत ना, त्यात बोर्डाच्या शिक्क्याच्या अगदी शेजारी एक काळी मुंगी जन्माची अडकली आहे. सहाही पाय पसरून. बाईने आधी नखाने खरवडली. मग टिश्यूने पुसली. मग कागद उजेडात धरून विचारलं, ही सरकारी खूण आहे का?

शेवटी परदेशी प्रमाणपत्रांची तुलना करून देणाऱ्या एका संस्थेकडे सगळे कागद पाठवले. दीड महिना गेला, बरेच डॉलर गेले आणि कळलं की मी 2000 साली खरोखरच बारावी पास झाले होते.

आता नातीचं. आपल्याकडे कसं, वर्षभर काय करायचं ते करा, शेवटी सात-आठ पेपर, काय तो सोक्षमोक्ष. इथे बँकेच्या पिग्मीसारखं आहे, चार वर्षं थोडं थोडं भरत राहायचं. न्यू जर्सीत किमान 120 क्रेडिटं लागतात. इंग्रजीची 20, गणिताची 15, विज्ञानाची 15, चित्रकला-नाटक-संगीत यांतली 5, पैशाचा व्यवहार कळावा म्हणून अडीच (हा विषय यांना दोन वेळा घ्यायला लावावा असं मला वाटतं) आणि आरोग्य-व्यायामाची दर वर्षी पावणेचार. ही पावणेचार गणितातून भरून निघत नाहीत. आपली पोर कॅल्क्युलसमध्ये वर्गात पहिली, पण व्यायामाचे कपडे वर्षात अकरा वेळा घरी विसरली. कपडे नाहीत की त्या दिवसाचा शून्य. आम्हा दोघांना शाळेत बोलावणं आलं. आता तीन आठवडे रोज सकाळी सातला मैदानाला फेऱ्या मारते आहे आणि त्याचे मार्क जमा होताहेत. आईला कळलं तर म्हणेल, "उडये मारूक मार्क देतत? मगे आमचो बोको पैल्या नंबरान पास!"

ज्याचं हायस्कूल राहून गेलं त्याच्यासाठी इथे जीईडी नावाची परीक्षा आहे. 1942 मध्ये शाळा सोडून लढाईवर गेलेल्या सैनिकांसाठी सुरू झाली. चार विषय, प्रत्येकात 200 पैकी 145. यांच्या गोदामातला एकजण वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पास झाला आणि सगळ्यांना पिझ्झा दिला. मला एकदम आपली ओसरी आठवली. रापणीवरची पोरं ओल्या पायांनी यायची आणि तुम्ही त्यांचे बाहेरून परीक्षेला बसायचे सतरा नंबरचे फॉर्म भरून द्यायचात. कागदाला माशाचा वास लागला म्हणून कोणाचा फॉर्म परत आल्याचं आठवत नाही.

आजोबा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. तेवढ्यावर मास्तर झाले आणि अर्ध्या गावाला लिहायला शिकवलं. त्या बाईने त्यांना दुधावर लक्ष ठेवायलासुद्धा घेतलं नसतं.

जूनमध्ये फुटबॉलच्या मैदानावर पदवीदान आहे. हायस्कूललाच काळा झगा आणि चौकोनी टोपी! तेव्हा तिकडे मृगाचा पाऊस असेल. फोटो पाठवीन.

मला नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी दूध माझ्या डोक्यावर सांडलं.

तुमची,
बाय

ता. क. बी.कॉम.चं मूळ प्रमाणपत्र पत्र्याच्या ट्रंकेत आमसुलांच्या पिशवीखाली आहे. कोणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठवा. कृपा करून लॅमिनेट करू नका. केलं असेल, तर आत कोण आहे ते आधी बघून कळवा.