पाहुण्याला पहिला गोटा

पाहुणचार आता उरलाय कुठे, अशी हळहळ करणाऱ्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला एकदा जाऊन यावं. 2023 मध्ये छिंदवाड्यातून हा जिल्हा वेगळा निघाला, सौंसर तालुका सोबत आला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. पण गावाची ओळख पाट्यांवर नाही, जाम नदीच्या पात्रात आहे. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधोमध रोवलेला पळस, त्याला झेंडा, आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत दोन्हीकडून गोटे. या गोटमारीला बाहेरचे लोक हिंसा म्हणतात. ती त्यांची घाई झाली. हा आदरातिथ्याचाच एक जुना प्रकार आहे, आणि तो जपण्याची तोशीस आज आपल्याशिवाय कोणी घेत नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. दोघं पळून निघाली आणि नदी ओलांडताना दिसली. आता नात्याने पाहिलं तर हा मुलगा सावरगावचा जावई. जावयासमोर रिकाम्या हाताने जायची आपल्यात पद्धत नाही. अनारशांचं वाण करायला सवड नव्हती, पात्रात गोटे मुबलक होते. पांढुर्णेकरांनीही व्याह्यांना त्याच मापाने उत्तर दिलं. बहुतेक सांगणारे म्हणतात, दोघं तिथेच गेली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, आणि तो इतका मनापासूनचा होता की ज्याचा पश्चात्ताप झाला ते दरवर्षी करायचं ठरलं. (भोसल्यांचे सैनिक इथे गोटे फेकण्याचा सराव करत, अशी दुसरीही कथा आहे. तीत लग्न नाही, म्हणून ती मागे पडली असावी.)

होमरच्या ग्रीकांचंही भांडण अशाच एका प्रकरणावरून जुंपलं होतं. पॅरिस पाहुणा म्हणून मेनेलाओसच्या घरी उतरला आणि जाताना यजमानाची बायको, हेलन, घेऊन गेला. ग्रीकांनी त्यापायी दहा वर्षं घालवली आणि ट्रॉय जाळून विषय मिटवला. एवढी उधळपट्टी आपल्याला परवडणारी नाही. आपण वर्षाचा एकच दिवस देतो आणि विषय मिटू देत नाही.

होमरच्याच ओडिसीत, म्हणजे ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसियसच्या गोष्टीत, पाहुण्यांचा रखवालदार खुद्द झ्यूस. दारात आलेल्याला आधी पाणी, मग जेवण, आणि पोट भरल्यावर नाव-गाव, हा तिथला रिवाज. आपल्या आज्यांना तो कोणी शिकवावा लागला नव्हता. पण त्याच काव्यात पाहुणचाराची दुसरीही रीत आहे, तिचं कौतुक व्हावं तेवढं होत नाही. लायस्ट्रिगोन नावाच्या लोकांनी बंदरात आलेल्या परक्यांवर कड्यावरून धोंडे लोटले आणि ओडिसियसच्या 12 जहाजांपैकी 11 तिथेच ठेवून घेतली. पॉलिफेमस नावाच्या राक्षसाने तर पाहुण्याला खास भेट देऊ केली: तुला सगळ्यांच्या शेवटी खाईन. आणि क्तेसिप्पस नावाच्या एका श्रीमंताने भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसियसला, ही घे माझी पाहुण्याची भेट, असं म्हणत टोपलीतला बैलाचा खूर फेकून मारला. ओडिसियसने मान वाकवली, खूर भिंतीवर आपटला. आदल्या दिवशी बैलांच्या खुरांवर पाणी घालून त्यांना पुरणपोळी भरवणाऱ्या आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशी नेम धरताना पाहिलं की क्तेसिप्पस अगदीच हौशी वाटतो.

धर्मदृष्ट्याही यात खोट काढता येत नाही. अतिथी हा देव. आपले बहुतेक देव दगडाचे. आणि देवाच्या कपाळी लाल काहीतरी हवंच. जखमेवर लावायला चंडीमातेचा अंगारा आहे. पाहुण्यासाठी पत्रावळ ज्याच्या पानांची लावतात तोच पळस इथे नदीत उभा करतात. एका झाडाकडून याहून जास्त काय मागायचं?

शासनाचा वाटा तर वेगळा नोंदवायला हवा. दवाखान्यात खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत, अशी तक्रार वर्षभर ऐकू येते. या एका दिवशी मात्र डॉक्टर, रुग्णवाहिका, उपचार केंद्रं, पोलीस, वर ड्रोनसुद्धा. जखमींचा आकडा शेकड्यांत जातो, आणि 1955 पासून डझनभर माणसं तरी गेली आहेत. पण टाके घालायला कोणाला ताटकळावं लागलं असं होत नाही. जमावबंदीचा आदेश निघतो, त्याच्या बंदोबस्ताखाली जमाव जमतो. मधे एकदा प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू पुढे केले होते. लोकांनी ते नाकारले. बरोबरच आहे, घरच्या माणसाला कोणी नकली वस्तू देतं का?

कपाळावरच्या खुणांचाही उपयोग आहे. ओडिसियस वीस वर्षांनी परतला तेव्हा म्हाताऱ्या दाईने पाय धुताना मांडीवरच्या जुन्या व्रणावरून त्याला ओळखलं. तिच्या हातून पाय सुटला, परात कलंडली, पाणी सांडलं. बिचारीला एवढी वाट पाहावी लागली. पांढुर्ण्यात भुवईवरचे टाके मोजून माणसाचं गावच नव्हे, सालही सांगतात.

मी गेलो होतो ते एका ओळखीच्यांच्या घरी. वहिनींनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘बसा जी. खिडकीपाशी नका बसू फक्त.’ मग चहा, आदल्या दिवशीची पुरणपोळी तव्यावर गरम करून, वर तुपाची धार. बाहेर पत्र्यावर काहीतरी खणकन आदळलं. वहिनींनी हातातली वाटी तूप न सांडता ओट्यावर ठेवली, धाकट्याला आत ओढलं आणि विचारलं, आणखी एक वाढू का?

संध्याकाळी झेंडा देवळात गेला. दिवसभर समोरासमोर उभी असलेली माणसं खांद्यावर हात टाकून परतली. इलियडमध्ये ग्लाउकोस आणि डायोमिडीज यांना ऐन रणात आजोबांच्या वेळची पाहुणकी आठवते. ते भाले बाजूला ठेवतात आणि आपापली चिलखतं बदलतात. त्यांना ती आधी आठवली, आपल्याला नंतर आठवते. पंधरावीस टाक्यांचा फरक.

निघताना यजमान गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. कानामागे पट्टी होती, त्यामुळे मान जरा तिरकी. ‘यंदा तुम्हाला नीट दिसलंच नाही,’ ते खरोखरीच्या खंतीने म्हणाले. ‘पुढच्या पोळ्याला लवकर या. पार काठावरची जागा धरून ठेवतो तुमच्यासाठी.’