बेंबीखात्याच्या आत्याबाई

बाळ बघायला आलेले पाहुणे नाक कोणावर गेलंय याचा वाद घालत असतात. आत्याबाई थेट दुपटं सोडतात. चष्मा सावरून, वाकून बेंबी तपासतात आणि निकाल देतात, "नाळ अजून ओली आहे गं. काही लावलंत की नाही?"

आत्याबाई कुठे आत्या असतात, कुठे मामी, कुठे न्हाऊ घालणाऱ्या मावशी. डॉक्टरांनी "काहीही लावू नका, कोरडी ठेवा" असं बजावलेलं असतं. पण काही न करणं हाही उपचार असतो, हे त्यांना कदापि पटत नाही. त्यांच्या पिशवीतून हळद निघते, खोबरेल निघतं, आणि तळाशी एका पुडीत गोवरीची राख.

खरं तर नाळेला कोणाची मदत लागत नाही. चिमट्यापाशी उरलेला तो पांढुरका तुकडा सुकत तपकिरी होतो, मग काळा पडतो आणि बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत आपोआप गळतो. त्याला संवेदना नसते, त्यामुळे बाळाला दुखत नाही. गळताना लंगोटाला रक्ताचा एखादा ठिपका लागतो. तो दिसला की आत्याबाई आधी सुनेकडे बघतात, मग मीठमोहऱ्या शोधायला लागतात.

राखेच्या पुडीशी मात्र थट्टा संपते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि ओली नाळ म्हणजे त्यांना उघडं दार. गरोदरपणातली इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ हत्यारं यांच्या जोरावर भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं, तेही २०१५ साली. "आमची सहा पोरं काय हवेवर वाढली?" असं आत्याबाई विचारतात. ज्यांची वाढली नाहीत, ती या हिशेबात धरलेली नसतात.

नाळ पडली तरी खातं बंद होत नाही. रडताना बेंबी फुगते, की आत्याबाई तिच्यावर नाणं बांधायला निघतात. पूर्वी भोकाचा पैसा असायचा, आता महागाईमुळे दहाचं नाणं. अशी फुगलेली बेंबी बहुतेक बाळांची दोन-चार वर्षांत आपसूक बसते. श्रेय नाण्याला जातं.

आत्याबाईंना पुरून उरते ती आशाताई, म्हणजे आरोग्य विभागाची आशा कार्यकर्ती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या सहा फेऱ्या ठरलेल्या असतात, पहिली तिसऱ्या दिवशी. हुशार आशाताई पिशवीवरून भांडत नाही. "आत्याबाई, लंगोट बेंबीच्या खाली कसा बांधायचा, ते सूनबाईंना तुम्हीच दाखवा," म्हणते. आत्याबाई ऐटीत दाखवतात, आणि अगदी बरोबर दाखवतात. डायपरवरचा त्यांचा रागही इथे कामाला येतो, कारण सैल लंगोटात हवा खेळते आणि नाळ लवकर सुकते.

बेंबीभोवती लाली किंवा सूज आली, पू किंवा घाण वास आला, बाळाला ताप आला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तरी दाखवून घ्यावं. जाताना रिक्षात आत्याबाईंनाही घ्यावं; डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांच्याकडे भरपूर असतात. पिशवी तेवढी घरी ठेवावी.