गुरगुरणारा पालक

“काय गं, रात्रभर तुमच्या बाल्कनीत काय गुरगुरत असतं? मांजर पाळलंय होय?”

काकूंचा आवाज तुळशीच्या कुंडीपलीकडून आला. विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत दोन बाल्कन्यांच्या मधे कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर लोखंडी कठडा. सांगलीच्या निम्म्या बातम्या पेपरात यायच्या आधी ह्या कठड्यावर येऊन जातात.

“मांजर कुठलं काकू, पालक आहे.”

“पालक गुरगुरतो?”

“त्याचा पंप हो. फिश टँकला असतो तसला. ह्यांनी चार इंची पीव्हीसी पाइप आणला, त्याला कटरनं भोकं पाडली, दोन्ही टोकांना टोप्या लावल्या. भोकात जाळीचा कप, कपात मूठभर कोकोपीट, त्यात रोप. मुळं खाली पाण्यात. पाण्यात हवा सोडली नाही तर मुळं गुदमरतात म्हणे.”

“आणि माती?”

“मातीच नाही.”

काकूंचं माहेर साताऱ्याचं. त्यामुळे नवल वाटलं तरी दाखवायचं नाही, हा बाणा.

“त्यात काय एवढं? आमच्या कासला जाऊन बघ. जांभ्यावर बोटभर माती. तिच्यात सीतेची आसवं फुलतात ती बारीक किडे खाऊन. मातीत काही नसलं की झाड दुसरीकडनं मिळवतं. तुमच्या पालकाला कोण भरवतं ते सांग.”

“कृषी सेवा केंद्र.”

आणि हे खरंच आहे. आमचे हे ‘ए’ आणि ‘बी’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या ऑनलाइन मागवायला निघाले होते. किंमत बघून माझा तासगावचा भाऊ हसत सुटला. “दाजी, हेच आम्ही द्राक्षाला ठिबकातनं सोडतोय की!” मग त्यानं दुकानात आकडेच म्हणून दाखवले: 13:00:45, 00:52:34, कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट. दुकानदारानं ‘बाग कुठली?’ म्हणून विचारलं. ह्यांनी ‘दुसरा मजला’ म्हणून सांगितलं.

“मग दोन बाटल्या कशाला? एकात घाल की सगळं,” काकू म्हणाल्या.

“नाही ना चालत. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट दाट असताना एकत्र आले की खाली पांढरा साका बसतो. तो मुळांना मिळत नाही. म्हणून वेगवेगळं विरघळवायचं आणि भरपूर पाण्यात एकामागून एक घालायचं. युरिया तर नकोच. मातीतले जिवाणू तो फोडून नायट्रेट करतात, तेव्हा तो झाडाला नीट लागतो. पाइपात कुठले तेवढे जिवाणू? आणि बोअरचं पाणीसुद्धा नको, त्यात आधीच क्षार.”

“क्षाराचं मला नको सांगूस. वाळव्याकडं चांगल्या उसाच्या जमिनी पांढऱ्या पडल्या.”

आमच्याकडे आता टीडीएस मीटर आहे, पीएच बघायच्या पट्ट्या आहेत. पालेभाजीला पीएच साडेपाच ते साडेसहात लागतो. तो वर गेला की फॉस्फरिक ॲसिडचे थेंब. तेही बागायतदारांचंच, ठिबकच्या नळ्या धुवायचं. पेन्शनीत निघाल्यापासून ह्यांनी एवढ्या गंभीरपणे कशाकडेच बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्या प्रकाराला नवीन म्हणायचं कारण नाही. कॅलिफोर्नियात गेरिके नावाच्या प्राध्यापकांनी पाण्यात पीक घ्यायच्या पद्धतीवर 1929 मध्ये लिहिलं. त्याच वर्षी आपला सांगलीचा आयर्विन पूल उभा राहिला. पुढं गेरिक्यांनी टोमॅटोचे 25 फुटी वेल करून दाखवले. आमच्या पाइपातला टोमॅटो दीड फुटावर कलंडला, ती गोष्ट वेगळी. बाल्कनीत पालक, पुदिना, लेट्यूस एवढंच करावं असं माझं मत. घरात ते कोणी विचारत नाही.

काकूंनी चष्मा पुसला. आता साताऱ्याचा हुकमी एक्का येणार हे मला कळलं.

“श्रीपाद दाभोलकर ठाऊक आहेत ना? आमच्या नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊ. प्रयोग परिवार त्यांचाच. तुझ्या भावाच्या गावची द्राक्षं त्यांना विचार. ते म्हणायचे, ऊन मोजा, पालापाचोळा कुजवा, माती घरी तयार करा. विकतची पुडी कशाला? मुंबईत डॉक्टर दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या घेतल्या. सांगलीत रसवंत्यांना काय तोटा? चिपाड फुकट उचलून आण म्हणावं.”

“चिपाडाला मुंग्या लागतात काकू.”

“आणि तुमच्या पाण्याला डास. आशाताई टॉर्च घेऊन आली की बघतेच मी.”

ही भीती मलाही होती. पण पाइप बंद, कप घट्ट, टाकीवर झाकण, आणि आठवड्याला पाणी बदलतो. पाइपात उजेडही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर शेवाळ धरतं. म्हणून बाहेरनं काळा रंग, त्यावर पांढरा. खरा वैरी एप्रिल. सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात हवा कमी विरघळते, मुळं तपकिरी होऊन कुजतात. लेट्यूस तर उंच वाढून कडू होतो. काकूंच्या भाचीनं साताऱ्याच्या शाहूपुरीत हेच केलंय, तिच्याकडे उन्हाचा त्रास कमी, पण पावसाची झड पाइपात शिरते आणि खत पातळ होतं. काकू आणि ती फोनवर एकमेकींच्या हवामानाला नावं ठेवत असतात.

“परवडतं का पण? मंडईत पेंडी मिळतेच की.”

“छे! पाइप, पंप, मीटर धरलं तर हा पालक केशराच्या भावानं पडतो.”

“मग?”

“मग काय, हे सकाळी टीव्हीवरच्या चर्चा बघत नाहीत.”

काकूंना हे एकदम पटलं. तरी पंपाचा मुद्दा राहिलाच होता. त्यावर उपाय आहे. हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी यांची बिनपंपाची पद्धत: डबा एकदाच भरायचा, झाड पाणी पिईल तशी पातळी उतरते, वर हवेची जागा होते, आणि वरची मुळं त्या हवेवर जगतात. लेट्यूसला पुरतं. लोडशेडिंगचीही धास्ती नाही. पालकाचे दोन डबे ह्यांनी तसे लावलेत, पंप मात्र सोडवत नाही.

“सोडवत नाही म्हणजे? रात्री दहानंतर बंद कर म्हणावं, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला मी उभी राहीन.”

“सांगते.”

“आणि पुदिन्याच्या दोन काड्या दे मला. मी मातीतच लावीन.” काड्या घेताना काकू कठड्याला आणखी चिकटल्या. “बरं, तिसऱ्या मजल्यावर काल रात्री टेम्पोतनं सामान उतरलं ते बघितलंस का?”