मामा, वाई आणि रविवार

महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी वाईवर फार अन्याय केला आहे. पुण्याहून निघालेला माणूस खंबाटकी ओलांडतो, सुरूर फाट्याला वळतो आणि वाई आली की त्याला एवढंच सुचतं, की आता पसरणीचा घाट लागणार. मग तो उलटीची गोळी घ्यायला गाडी थांबवतो. त्याच्या लेखी वाई म्हणजे घाटाच्या पायथ्याचं औषधांचं दुकान.

आम्ही एका रविवारी खास वाईलाच गेलो, ते हिच्या मामांमुळे. मामा ऐन उमेदीत काही वर्षं तिथे नोकरीला होते. माणूस ज्या गावात पहिला पगार घेतो, त्या गावाचा तो कायमचा इतिहासकार होतो. सुरूर फाट्यापासूनच मामांनी सूत्रं हाती घेतली. "जावईबापू, गाडी हळू घ्या. इथे पूर्वी वडाची झाडं होती." झाडं अजूनही होती, पण ती पूर्वीची नव्हती म्हणे.

वाईत शिरल्यावर पहिला मान ढोल्या गणपतीचा. मूर्ती काळ्या पाषाणाची, एका दगडातली, आणि 'ढोल्या' हे विशेषण अगदी वस्तुनिष्ठ. एवढा ऐसपैस देव नदीच्या काठावर अगदी पाण्यालगत बसवायचा म्हणजे धाडसच. म्हणून बांधणाऱ्यानं देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या भिंतीवर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदी अडवण्याच्या भानगडीत न पडता तिला वाट काढून देणारी ही भिंत मला गाभाऱ्याहूनही आवडली. लोक पुढून दर्शन घेऊन जातात. मागे जाऊन भिंत बघणारे आम्ही तिघं आणि एक शेळी.

हे देऊळ १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर, अर्थात नानासाहेब पेशव्यांचं सासर. देऊळ झालं तेव्हा गादीवर थोरले माधवराव होते. "म्हणजे हे देऊळ पेशव्यांच्या मामांनी बांधलं," असं म्हणून मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामा या संस्थेचं राष्ट्रीय योगदान माझ्या ध्यानात यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. वाईत रास्त्यांची देवळं, रास्त्यांचे घाट इतके आहेत की सासुरवाडीची बाजू भक्कम असली की काय होतं, हे जावयाला वेगळं सांगावं लागत नाही.

घाटावर बायका धुणं धूत होत्या. एक मुलगा पायरीवर बसून परीक्षेचा अभ्यास करत होता, म्हणजे पुस्तक उघडं होतं आणि नजर पाण्यात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पायऱ्यांवर कुणी दोरी बांधलेली नाही, 'हात लावू नका'ची पाटी नाही. मला हे बरं वाटलं. जतन केलेल्या वास्तूत मी नेहमी चोरासारखा वावरतो. इथे खुशाल बूड टेकून शेंगा खाता आल्या. (टरफलं पिशवीत. ही बरोबर होती.) मामा मात्र अस्वस्थ. त्यांच्या काळी नदीला पाणी जास्त होतं, शेंगा खरपूस होत्या आणि कृष्णाबाईच्या उत्सवात एकेका घाटाचा थाट असा, की जेवणावळीत तूप वाढणारा दमायचा.

दुपारी राइसप्लेट जेवून मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा तिथे आहे, चौकाचौकांचा. एवढ्या मोठ्या राज्याचा हिशेब डोक्यात ठेवणारा माणूस स्वतःच्या घरासाठी इतकी शांत जागा निवडतो, यात नवल नाही. नानांची कागदपत्रं इथेच सापडली आणि 'मेणवली दफ्तर' म्हणून इतिहासकारांच्या कामी आली. कागद टाकून न देण्याची सवय राज्य बुडाल्यावरसुद्धा उपयोगी पडते. ही मात्र माझ्या जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्याबद्दल असं मत ठेवायला तयार नाही.

वाड्यामागच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर साल १७०७, आणि कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळादेवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे तीही त्यातलीच. मेरीमाता महादेवाच्या अंगणात लटकून कृष्णेकडे बघते आहे, आणि दोघांचीही काही तक्रार दिसत नाही.

त्याच घाटावर शाहरुख खानही येऊन गेला आहे. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे ही मेणवली. सिनेमात चरणपूर उत्तर प्रदेशात आहे. वाईला या परप्रांतीय भूमिकांची सवय आहे. 'गंगाजल'मध्ये ती बिहार झाली होती. हिंदी सिनेमात जिथे जिथे गंगा वाहते, तिथे बरेचदा आमची कृष्णा डमी म्हणून उभी असते आणि नामावलीत तिचं नाव नसतं. यावर मामा भडकले. आमच्या वाईनं बिहार का व्हावं? मी म्हटलं, "मामा, उत्तम नटच दुसऱ्यांच्या भूमिका करतो." हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं, पण त्याची दखल कुणी घेतली नाही.

आता राहिलं होतं ते विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहत होते, म्हणून मराठी विश्वकोशाचं काम वाईत सुरू झालं. सरकारी काम तालुक्याच्या गावी एका विद्वानाच्या दारात येऊन बसल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. पहिला खंड १९७६ साली निघाला, 'अंक ते आतुरचिकित्सा'. विसावा यायला २०१५ साल उजाडलं. घाटात गाडी लागेल म्हणून लोक जिथे गोळी घेत होते, तिथेच आत गंगापुरीत कुणीतरी साऱ्या जगाच्या नोंदी तपासत बसलं होतं.

पण रविवार! साऱ्या जगाचं ज्ञान रविवारी बंद. मामांनी फाटकाकडे असं पाहिलं, की त्यांच्या काळी रविवारही उघडा असायचा.

"एखाद्या मंगळवारी येऊ. प्रज्ञापाठशाळा राहिली, धोम राहिलं," परत निघताना ते म्हणाले. "एका दिवसात वाई बघायची असते होय? विनोबा १९१७ साली इथे संस्कृत शिकायला आले, ते आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन. जावईबापू, तुम्ही निदान आठवडा तरी काढा."

मागच्या सीटवरून ही म्हणाली, "मामा, त्यांचे साहेब गांधीजी होते. यांना अर्ध्या दिवसाची रजा मागायची तरी आजारी आजी लागते, आणि आता आज्याही संपल्या."