घसारा

घसारा हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पुण्यात टिळक रोडच्या एका गल्लीत तळमजल्यावर बसून मी लोकांच्या मोटारी, लेथ मशिनं आणि फ्रीज कागदावर झिजवत असतो. आयकराच्या हिशेबात मोटारीला दर साल १५ टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे ६० लाखांची गाडी नऊ वर्षांनी वहीत चौदा लाखांच्या आसपास उरते, आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी शून्यावर काही येत नाही. वहीतल्या गाडीला मरण नाही. बाजाराकडे एवढी माया नसते. बाजारात तीच गाडी मला आठ लाखांना मिळाली.

गाडी जर्मन. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, सात माणसांची जागा, छताला काच, वजन सव्वादोन टनांच्या पुढे. आठ लाखांत त्या वेळी एक बरी नवी हॅचबॅक येत होती आणि आमच्या घरात बहुमत तिच्याच बाजूने होतं. मी अल्पमतातलं सरकार चालवलं.

एवढी मोठी गाडी एवढी स्वस्त का, याचं उत्तर दिल्लीच्या हवेत आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि आसपासच्या रस्त्यांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच री ओढली. त्यानंतर तिथल्या श्रीमंतांच्या पोर्चमध्ये उभ्या असलेल्या डिझेल गाडीला नववं वर्ष लागलं, की मालकाला दक्षिणेकडची माणसं आठवू लागली. एनओसी काढायची, ट्रेलरवर चढवायची आणि जिथे ती अजून रस्त्यावर चालते अशा गावी पाठवायची. माझी गाडी अशीच आली. आतमध्ये कुठल्या तरी क्लबचा स्टिकर होता आणि सीटखाली बडीशेप सापडली.

दुसऱ्या राज्यातली गाडी कायमची इथे आणली, की महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. तो मोजायला सुरुवात होते मूळ बिलापासून. वयाची सूट मागाहून. एजंटाने बिल उलगडलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसला.

"वीस लाखांवरची डिझेल. म्हणजे पंधरा टक्क्यांचा स्लॅब धरायचा, साहेब."

"पण मी आठ लाखांना घेतलीय."

"ते तुमचं आणि त्या दिल्लीवाल्याचं झालं," तो म्हणाला. "कागद साठ लाखांचा आहे."

त्या माणसाला मी आजही मानतो. माझ्या व्यवसायातल्या भल्याभल्यांना जे चार पानांत मांडता येणार नाही, ते त्याने चार शब्दांत मांडलं. मोटारीची किंमत उतरते ती फक्त विकणाऱ्यापुरती. बाकी सारं जग तिला साठ लाखांचीच समजून चालतं, आणि त्या जगात स्वतः गाडीही येते.

उदाहरणार्थ तिचे बलून. साध्या गाडीला चाकांवर स्प्रिंगा असतात. हिला चार कोपऱ्यांत चार रबरी फुगे आहेत. एक कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि त्या हवेवर ही सव्वादोन टनांची काया तरंगते. रस्ता खराब असला की बटण दाबून गाडी उंच करायची, हायवेवर बुटकी करायची. कल्पना फार सुंदर आहे. पण रबराला वयोमानाने बारीक भेगा पडतात, हवा रात्रभर सुटत राहते, आणि सकाळी खिडकी उघडावी तर गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी पार्किंगमध्ये बसलेली. किल्ली फिरवली की ती आधी मागून उठते, मग पुढून, आणि कॉम्प्रेसर असा कण्हतो की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येतात. म्हणजे फुगा गळतो एक, पण त्याला भरता भरता कॉम्प्रेसरही जळायच्या मार्गाला लागतो. कॉम्प्रेसरचं कोटेशन वाचलं तेव्हा त्यात चुकून एखादी स्कूटरही धरली आहे की काय, असं मला वाटलं.

हडपसरच्या पुढे आमचे मिस्त्री आहेत. एरवी सज्जन माणूस, पण त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच चालीत येतं. "साहेब, गाडी एक नंबर आहे. फक्त..." या 'फक्त'नंतर जे येतं त्याला निदान पाच आकडे असतात. ते लॅपटॉपसारखा एक स्कॅनर गाडीला लावतात. पडद्यावर चुकांची यादी येते, ती ते पुसून टाकतात, गाडी एक चक्कर मारून आणतात आणि परत स्कॅनर लावतात. परत आलेल्या चुका खऱ्या, न आलेल्या खोट्या. ही पद्धत मी आमच्या आर्टिकल मुलांच्या बॅलन्सशीटवर वापरून पाहिली, बऱ्यापैकी चालते.

नवी बॅटरी घातली, तर तसं गाडीच्या संगणकाला कळवावं लागतं. नुसती बसवून चालत नाही. जुनी गेली, नवी आली, अशी रीतसर वर्दी द्यावी लागते. टायमिंग चेन इंजिनाच्या पुढे असती तर गोष्ट सोपी होती, पण ती मागच्या अंगाला आहे, म्हणजे चेनकडे बघायचं म्हटलं तरी इंजिन खाली उतरवायचं. मिस्त्री त्या दिशेला बोटसुद्धा दाखवत नाहीत. "आवाज नाही ना? मग विषय काढायचा नाही," म्हणतात. सुट्या भागांची बातच निराळी. कंपनीचा जेन्युइन भाग सगळ्यात महाग, तोच भाग ज्या कारखान्यात बनतो त्याच्या स्वतःच्या डब्यात आला की 'ओईएम', जरा स्वस्त, मग लोकल, आणि शेवटी अपघातात गेलेल्या एखाद्या भगिनीच्या अंगावरून उतरवलेला 'कटिंगचा'. माझ्या गाडीचा डावा आरसा कटिंगचा आहे. तो दुमडायचं बटण दाबलं की उजवा दुमडतो.

ऑइल बदलायला बायकोच्या जुन्या मारुतीला तीन लिटर लागायचं, हिला आठ लागतं. टायर वीस इंची. एकाच्या किमतीत मारुतीचे चारही येऊन वर अलाइनमेंटचे पैसे सुटतील. डिझेलची टाकी शंभर लिटरची. गावात सहा-सातचं ॲव्हरेज, बाहेर दहा. पंपावर मी खिडकी खाली करतो आणि पोरगा आशेने विचारतो, "फुल्ल ना, सर?" मी म्हणतो, "हजाराचं." त्याच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते ती पाहवत नाही. हजाराच्या डिझेलने काटा हलत नाही. फार तर लाल दिवा विझतो, आणि तेही गाडी चढावर उभी नसेल तर.

हे सगळं पैशाचं झालं. त्याचं मला काही वाटत नाही, आकडे मला पाठ असतात. खरा खर्च माणसांचा आहे.

गाडी आली त्या गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीला आली. आधीच्या वर्षी ५०१ची पावती फाडून, "काका, आरतीला या," असं सांगून गेली होती. या वेळी ती आधी पार्किंगमध्ये थांबली. मग वर आली, चपला नीट ओळीत काढल्या आणि अध्यक्षाने ११,००१चा आकडा अगदी सहज उच्चारला. मी म्हटलं, "अरे, गाडी सेकंडहँड आहे." पोरं मनापासून हसली. श्रीमंत माणूस किती साधा असतो, याचं कौतुक त्यांच्या डोळ्यांत होतं. शेवटी २,५०१वर मिटलं, आणि त्या दिवसापासून मंडळाच्या फलकावर माझं नाव 'आधारस्तंभ' या सदराखाली असतं.

मंडईच्या बाहेर गाडी लावली तर मेथी पाच रुपयांनी महागते, म्हणून मी ती लांब लावतो आणि चालत जातो. नात्यातल्या प्रत्येक लग्नात नवरदेव माझ्या गाडीतून येतो. फुलांच्या माळा चिकटवायला वापरलेली टेप बॉनेटवर महिना महिना टिकते. एका लग्नात वधूपित्याने मला बाजूला घेऊन मुलाकडच्यांची परिस्थिती 'एकंदर दिसतेच आहे' असं समाधानाने सांगितलं. मुलाकडे त्या वेळी एक बुलेट होती, तीही हप्त्यावरची. अशिलांचे तर दोन तट पडलेत. अर्ध्यांना वाटतं, या माणसाला पैसे वाचवता येतात. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं, हे आपलेच पैसे. दोघांचंही एका बाबतीत एकमत आहे, की माझी फी द्यायची घाई नाही. "तुम्हाला काय कमी आहे, सीए साहेब!"

या एवढ्या जगात घसाऱ्यावर श्रद्धा असलेली एकच संस्था मला भेटली, ती म्हणजे विमा. नव्या गाडीच्या किमतीतली वजावट कोष्टकात ठरलेली असते. पाचव्या वर्षाअखेर किंमत निम्म्यावर येते. त्यापुढचं मोल दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवायचं. आपसांत म्हणजे ते आकडा सांगतात आणि मी मान हलवतो. एकदा एका टेम्पोने मागून दिली. तेव्हा सर्व्हेअरने मला माझाच विषय शिकवला. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांच्या भरपाईतून सरळ ५० टक्के जातात. काचेला मात्र घसारा शून्य. बंपर प्लॅस्टिकचा, त्याची जाळी प्लॅस्टिकची, आतले क्लिप प्लॅस्टिकचे. एवढी जर्मन पोलादाची कीर्ती ऐकली होती, पण मागून उघडल्यावर आत बहुतेक डबेच निघाले. माझी एक काच मात्र पूर्ण भरून मिळाली, आणि तो आनंद मी आमरस करून साजरा केला.

मग ठेवायची कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी साताऱ्याला नेतो. पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढायचा (येताना बोगदा आहे, त्यात मजा नाही). पुढे ट्रक कुंथत असतात, लहान गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत असतात, एसी बंद करून चढणारे घामाघूम झालेले दिसतात. मी पाय फक्त जरा जड करतो. आवाज चढत नाही, काटा दोन हजार फेऱ्यांच्या आत राहतो, आणि पाठीला हळूच सीट लागते. सहाही सिलिंडर एकमेकांशी भांडण न करता ओढताहेत, एवढंच कळतं. घाटमाथ्यावर आलो तरी मागे बसलेल्यांना चढ संपल्याचा पत्ता नसतो. अशा वेळी मला त्या दिल्लीवाल्याची कीव येते. इतकी वर्षं त्याच्याकडे हे इंजिन होतं आणि चढायला उड्डाणपूल!

घरातलं बहुमतही आता फिरलं आहे, पण ते खंबाटकीमुळे नाही. गेल्या दिवाळीनंतर मीच एकदा म्हणालो, काढून टाकूया. एक दलाल येऊन साडेतीन लाख बोलून गेला. त्यावर बायको उसळली. "अहो, पुढचे दोन बलून आत्ता नवे घातलेत. कॉम्प्रेसर नवा, टायर नवे. साडेतीनला द्यायची म्हणजे सामान विकून गाडी फुकट दिल्यासारखं नाही का?" हिशेब बिनचूक होता. मागचे दोन बलून अजून जुने आहेत, तेवढे झाले की मग बघू, असं ठरलं. ते झाले की चेनची वेळ येईल. चेन केल्यावर तर विकण्याचा प्रश्नच उरणार नाही.

परवा ऑफिसात लक्ष्मी रोडचे एक कापडवाले आले होते. दुसरं दुकान सलग तोट्यात. बंद करवत नाही, कारण फर्निचरवर फार खर्च झालेला. मी त्यांना शांतपणे समजावलं. जो पैसा गेला तो गेला, तो निर्णयात धरायचा नाही. पुढे किती येणार आणि किती जाणार, एवढंच पाहायचं. मी आकडे मांडून दाखवले, एक आलेखही काढला. त्यांना पटत चाललं होतं. चहा आला. कप हातात घेऊन ते खिडकीपाशी गेले. बाहेर गाडी उभी होती. पुढून व्यवस्थित उभी, मागून पार बसलेली.

"ही तुमचीच ना?"

"हो."

"काय काय केलंत आत्तापर्यंत हिला?"

मी सांगितलं. सवयीने रुपये-पैशांसकट सांगितलं.

त्यांनी चहा संपवला, माझा आलेख घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "मग आणखी एक वर्ष चालवून बघतो."